गोळी सोडायची की फेरफटका?

गेल्या महिन्यातील गोष्ट. सकाळच्या वेळी दवाखान्यात सून आणि सासरे असे दोघे माझ्यासमोर येऊन बसले. सासरे ७२ वर्षांचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणतो. गेली आठ वर्षे ते रक्तदाबाची गोळी घेतात आणि त्याहूनही अधिक वर्षे रोज पहाटे फिरायला जातात. खुर्चीत टेकतात न टेकतात तोच सूनबाईंनी विषय काढला.

"डॉक्टर, आता तुम्हीच सांगा अण्णांना. परवा फिरून येताना दूध केंद्रावर रांगेत उभे होते, तिथेच चक्कर येऊन खाली बसले. रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं. आता फिरणं बंद म्हटलं, तर दोन दिवस जेवले नाहीत."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "फिरण्याने माणसाला चक्कर येत नसते. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मला काही होत नव्हतं. हे सगळं औषधाचं आहे. त्या दिवसापासून मी गोळी घेणं थांबवलंय."

सूनबाई अवाक् झाल्या. त्यांना हे ठाऊकच नव्हते. गुरुजी अकरा दिवस रोज सकाळी पाकिटातून गोळी काढून ती खिडकीबाहेर टाकीत होते. मी रक्तदाब मोजला. बसलेल्या स्थितीत तो १७२/९६ भरला.

वाचकहो, एकाच घरात एकाच प्रसंगावरून दोन निवाडे झाले होते. सूनबाईंनी फेरफटका दोषी ठरवला आणि गुरुजींनी गोळी. दोघांचा हेतू चांगला होता, दोघांच्या बोलण्यात तथ्यांशही होता आणि तरीही दोघांचा निर्णय धोक्याचा होता. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या अनेक ज्येष्ठांच्या घरी हा तंटा कधी ना कधी उद्भवतो. म्हणून आजच्या लेखात त्याचाच सविस्तर विचार करू.

दोन्ही का हवेत?

प्रथम व्यायामाची बाजू पाहू. १९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसमधील कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. दिवसभर आसनावर बसून गाडी चालवणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करीत तिकिटे देणाऱ्या वाहकांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे विकार कमी होतात, असे त्यांना आढळले होते. शरीराची नित्य हालचाल आणि हृदयाचे आरोग्य यांचा संबंध शास्त्रीय पद्धतीने दाखवणाऱ्या पहिल्या अभ्यासांपैकी हा एक. पुढे झालेल्या असंख्य चाचण्यांतून हेही स्पष्ट झाले, की नियमित चालणे, सायकल, पोहणे अशा व्यायामाने उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा साधारणपणे ५ ते ८ मिलिमीटरने उतरतो. एका वेळच्या व्यायामानंतरही रक्तवाहिन्या काही तास सैलावलेल्या राहतात आणि त्या काळात रक्तदाब किंचित कमी असतो. शिवाय पायांतील बळ, शरीराचा तोल, झोप आणि मनाची उभारी हे लाभ कोणतीही गोळी देऊ शकत नाही.

आता गोळीची बाजू. वर सांगितलेली घट मोलाची आहे. परंतु ज्याचा रक्तदाब १७० च्या घरात आहे त्याला ती एकटी पुरत नाही. "आता या वयात औषधे कशाला?" असे म्हणणाऱ्यांसाठी एक दाखला देतो. २००८ साली ८० वर्षांहून अधिक वयाच्या रुग्णांवर केलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या वयातही रक्तदाबावर उपचार केल्याने पक्षाघाताने होणारे मृत्यू आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले होते. अचानक गोळी थांबवण्याचे धोके वेगळेच. काही औषधे, विशेषतः बीटा ब्लॉकर गटातील आणि क्लोनिडिन, एकाएकी बंद केली तर रक्तदाब व नाडी उसळी मारून वर जातात. हृदयविकार असलेल्या माणसाला ही उसळी फार महागात पडू शकते.

सारांश, गोळी आणि फेरफटका यांच्यात निवड करायची नसून त्यांचा मेळ घालायचा असतो. तो घालण्यासाठी चालताना शरीरात काय घडते, हे समजून घेतले पाहिजे.

चक्कर चालताना नव्हे, थांबल्यावर

आपण झपझप चालू लागलो की हृदय अधिक जोराने रक्त फेकते आणि वरचा रक्तदाब वाढतो. बसलेले असताना १३० असलेला आकडा चालताना १६० वा त्याहून वर जाणे ही स्वाभाविक गोष्ट आहे. त्याच वेळी पायांच्या स्नायूंतील रक्तवाहिन्या रुंदावतात, कारण काम करणाऱ्या स्नायूंना रक्त अधिक लागते. पोटऱ्यांचे स्नायू प्रत्येक पावलागणिक आकुंचन पावून पायांतील रक्त वर हृदयाकडे ढकलत राहतात. चालणाऱ्या माणसाच्या पायांत जणू दोन पंप बसवलेले असतात.

आता असे समजा, की पाऊण तास चालल्यावर माणूस एकदम थांबला आणि स्तब्ध उभा राहिला. पोटऱ्यांचे पंप त्या क्षणी बंद पडतात. रक्तवाहिन्या मात्र अजून रुंदावलेल्याच असतात. रक्त पायांत साचू लागते. तरुण शरीर तत्काळ रक्तवाहिन्या आवळून आणि नाडी वाढवून ही तूट भरून काढते. वयोमानाने ही प्रतिक्रिया मंदावते. त्यात रक्तदाबाच्या औषधांचे कामच मुळी रक्तवाहिन्या सैल ठेवण्याचे किंवा नाडी आवरण्याचे. मग मेंदूकडे जाणारा रक्तपुरवठा काही क्षण अपुरा पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस खाली बसतो.

गुरुजींना चक्कर रस्त्यात आली नाही, दूध केंद्राच्या रांगेत आली, ही गोष्ट लक्षात घ्या. पहाटे पाच वाजता गोळी, पोटात काही नाही, पाण्याचा घोटही नाही, दिवस उन्हाळ्याचे, पन्नास मिनिटांची चाल आणि शेवटी एकदम थांबून दहा मिनिटे उभे राहणे. यांतील एकेक गोष्ट त्यांनी आठ वर्षे पचवली होती. मग दोन महिन्यांपूर्वी असे काय बदलले?

आपली गोळी ओळखा

याचे उत्तर शोधण्याआधी रक्तदाबाच्या औषधांचे मुख्य गट पाहू. आपल्या पाकिटावरील नाव वाचा, अक्षर बारीक असल्यास नातवंडांकडून वाचून घ्या आणि एका वहीत लिहून ठेवा. पुष्कळदा एकाच गोळीत दोन वा तीन औषधे एकत्र असतात, हेही ध्यानात असू द्या.

लघवी वाढवणारी औषधे: हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड ही या गटातील परिचित नावे. ही औषधे शरीरातील जादा पाणी व क्षार बाहेर टाकतात. घाम आणि हे औषध असे दोन्ही मार्गांनी पाणी गेले, की शरीर कोरडे पडते. सोडियम व पोटॅशियम घटून थकवा, पायात गोळे येणे, गोंधळल्यासारखे होणे अशा तक्रारी उद्भवू शकतात. उन्हाळ्यात या गटाकडे विशेष लक्ष हवे.

बीटा ब्लॉकर: अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल इत्यादी. ही औषधे नाडीला लगाम घालतात. त्यामुळे २२० मधून वय वजा करून नाडीचे लक्ष्य ठरवण्याचा जो हिशेब व्यायामशाळेत सांगितला जातो, तो यांना लागू पडत नाही. नाडी वाढत नाही म्हणून वेग वाढवत राहणे ही घातक चूक होय. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी. साखर घटल्याची सूचना देणारी छातीतील धडधड आणि हातांची थरथर या औषधांमुळे झाकली जाते. घाम मात्र येतो. व्यायामात विनाकारण दरदरून घाम फुटला तर साखर तपासावी.

कॅल्शियम चॅनल ब्लॉकर: यातील अम्लोडिपिन आपल्याकडे घरोघरी दिसते. या औषधांनी रक्तवाहिन्या सैलावतात. काहींच्या घोट्यांवर सूज येते. ती दिसल्यास डॉक्टरांना सांगावे, परंतु त्या कारणाने आपल्या मनाने गोळी सोडू नये. व्यायामानंतर एकदम न थांबण्याचा नियम या गटासाठी अधिक महत्त्वाचा.

एसीई इनहिबिटर व एआरबी: रामिप्रिल, एनालाप्रिल हे पहिल्या प्रकारातील, टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन हे दुसऱ्या. व्यायामाच्या क्षमतेवर यांचा फारसा परिणाम होत नाही. मात्र ही औषधे शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. म्हणून यांवर असणाऱ्यांनी, विशेषतः मूत्रपिंड दुबळे असल्यास, रोज फिरून आल्यावर शहाळ्याचे पाणी पिण्याची किंवा 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणारे पोटॅशियमयुक्त मीठ वापरण्याची सवय डॉक्टरांना विचारल्याखेरीज लावून घेऊ नये.

येथे एका वेदनाशामकांच्या गटाचाही उल्लेख करायला हवा. चालून गुडघे दुखले, की डायक्लोफेनॅक वा आयबुप्रोफेन घेणारे ज्येष्ठ मी रोज पाहतो. या गोळ्या रक्तदाब वाढवतात. लघवी वाढवणारे औषध आणि एसीई इनहिबिटर वा एआरबी हे दोन्ही चालू असताना त्यांची भर पडली, तर मूत्रपिंडांवर तिहेरी भार पडतो. गुडघ्यांसाठी काय घ्यावे, हे औषधाच्या दुकानात न ठरवता डॉक्टरांना विचारून ठरवावे.

गुरुजींचा गुन्हेगार

मी गुरुजींना पाच मिनिटे आडवे झोपवले आणि रक्तदाब मोजला. तो १७०/९४ होता. मग त्यांना उभे केले आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजला. तो १४४/८४ झाला. उभे राहताच वरचा आकडा २० किंवा अधिक, अथवा खालचा १० किंवा अधिक उतरला, तर ती घसरण विकृत मानतात. गुरुजींची घसरण २६ ची होती. पण रक्तदाबाची गोळी तर अकरा दिवसांपासून बंद होती! मग ही घसरण कोणामुळे?

"गुरुजी, याखेरीज दुसरी कोणती गोळी चालू आहे का?"

"रक्तदाबाची नाही."

"रक्तदाबाची नसलेली?"

सूनबाईंनी पिशवीतून एक वेगळी डबी काढली. रात्री लघवीला चार-चार वेळा उठावे लागते म्हणून दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांना प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन दिले होते. ते ती गोळीदेखील पहाटेच, रिकाम्या पोटी घेत होते. हे औषध अल्फा ब्लॉकर गटातील. ते मूत्रमार्गाचे स्नायू सैल करते. काहींच्या बाबतीत रक्तवाहिन्याही सैलावून उभे राहिल्यावर रक्तदाब घसरतो. पोट रिकामे असेल तर ते रक्तात अधिक प्रमाणात उतरते. म्हणूनच ते जेवणानंतर घ्यायला सांगतात. आधीच्या डॉक्टरांना रक्तदाबाची गोळी ठाऊक नव्हती, मला प्रोस्टेटची ठाऊक नव्हती आणि दोन्ही डब्या निरनिराळ्या कपाटांत होत्या.

या एका गोष्टीसाठी तरी हा लेख लक्षात ठेवा. डॉक्टरांकडे जाताना सर्व औषधांची सर्व पाकिटे एका पिशवीत घालून न्या. दुखण्याच्या, झोपेच्या, प्रोस्टेटच्या, सर्दीच्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब, आयुर्वेदिक चूर्णे, काहीही वगळू नका.

रोजच्या व्यायामाची शिस्त

आता प्रत्यक्ष आचरणाकडे वळू. वर्षानुवर्षे बैठे जीवन जगलेल्यांनी, हृदयविकार, पक्षाघात वा मूत्रपिंडाचा विकार होऊन गेलेल्यांनी आणि ज्यांचे औषध वा त्याची मात्रा नुकतीच बदलली आहे त्यांनी आरंभ करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. इतरांनी पुढील क्रम पाळावा.

निघण्यापूर्वी: विश्रांतीच्या स्थितीत रक्तदाब १८०/११० हून अधिक असेल, तर त्या दिवशी व्यायाम करू नये आणि डॉक्टरांशी बोलावे. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा नको, लघवी करून यावी, पाठ टेकून व पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे आणि दंड हृदयाच्या पातळीत असावा. पाणी मोजूनमापून पिण्याचा आदेश नसेल, तर पेलाभर पाणी प्यावे. अगदी उपाशीपोटी निघू नये; एखादे केळे किंवा दोन बिस्किटे पुरेत. उलटपक्षी भरपेट जेवणानंतर दीड-दोन तास जोरकस व्यायाम टाळावा, कारण वृद्धांचा रक्तदाब जेवणानंतरही उतरतो. रात्रीची संथ शतपावली मात्र खुशाल चालू ठेवा.

आरंभ: पलंगावरून उठताच चपला घालून बाहेर पडू नये. मिनिटभर काठावर बसावे, पावले वर-खाली हलवावीत, मग उभे राहावे. पहिली पाच ते दहा मिनिटे हळू चालावे.

वेग: नाडी मोजत बसण्यापेक्षा बोलण्याची कसोटी अधिक विश्वासार्ह, बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांसाठी तर तीच योग्य. सोबत्याशी सलग वाक्य बोलता यावे. अभंग मात्र म्हणता येऊ नये, इतपत श्वास वाढावा. एकेका शब्दाला धाप लागत असेल तर वेग जास्त झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम पुरेसा आहे. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी त्याच्या जोडीला आठवड्यातून तीन दिवस तोल व बळ वाढवणारे व्यायाम करावेत. १५० मिनिटे म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तेही जड जात असेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा.

शेवट: हा सर्वांत दुर्लक्षित भाग. अखेरची पाच ते दहा मिनिटे वेग क्रमाक्रमाने कमी करावा. दूध, भाजी घ्यायची असेल तर हळू चालत जावे. रांग असेल तर उभ्याउभ्या टाचा उचलाव्यात, पावले जागच्या जागी हलवावीत किंवा सरळ कट्ट्यावर बसावे. घरी येताच कढत पाण्याची अंघोळ नको, तीही रक्तवाहिन्या रुंदावते. वीस-तीस मिनिटे बसून पाणी प्यावे, मग कोमट पाण्याने अंघोळ करावी.

वजने, आसने आणि श्वास

बळ वाढवणारे व्यायाम रक्तदाबाच्या रुग्णाला वर्ज्य आहेत, हा समज चुकीचा आहे. वर्ज्य आहे तो रोखून धरलेला श्वास. श्वास कोंडून जड वस्तू उचलताना रक्तदाब क्षणभर फार वर चढतो आणि श्वास सोडताच खाली येतो. पाण्याने भरलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून रेटणे एवढे पुरेसे आहे. जोर लावताना श्वास सोडावा, परतताना घ्यावा. मोठ्याने आकडे मोजत व्यायाम केला, तर श्वास आपोआप मोकळा राहतो. घरातील सिलिंडर सरकवणे, पाण्याची भरलेली बादली उचलणे आणि बद्धकोष्ठात कुंथणे यांनाही हाच नियम लागू.

योगासनांत शीर्षासन, सर्वांगासन यांसारखी डोके खाली जाणारी आसने टाळावीत. सूर्यनमस्कारात वाकणे आणि उठणे झपाट्याने होते, म्हणून त्याऐवजी खुर्चीवर बसून करायच्या हालचाली बऱ्या. कुंभक करू नये. कपालभाती व भस्त्रिका जोराने करू नयेत. संथ दीर्घश्वसन, अनुलोम-विलोम आणि शेवटी शवासन हे उत्तम. शवासनातून मात्र कुशीवर वळून, क्षणभर बसून मगच उभे राहावे.

उन्हाळा, उपवास आणि आजारपण

आपल्याकडील चैत्र-वैशाखाचे ऊन आणि औषधे यांचे सख्य नाही. त्या दिवसांत सूर्य वर येण्यापूर्वी किंवा पूर्ण मावळल्यावर फिरावे अथवा घरातल्या घरात चालावे. एकादशी, चतुर्थीच्या निर्जळी उपवासाला लांब फेरफटक्याची जोड देऊ नये. आषाढीच्या वारीला पायी जाऊ इच्छिणाऱ्या ज्येष्ठांनी प्रस्थानाच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांचे वेळापत्रक ठरवून घ्यावे, पुरेशा गोळ्या जवळ ठेवाव्यात आणि रोजचे अंतर हळूहळू वाढवावे.

जुलाब, उलट्या, ताप असताना व्यायाम बंद. त्या दिवसांत लघवी वाढवणारी औषधे आणि एसीई इनहिबिटर वा एआरबी चालू ठेवायची की काही काळ थांबवायची, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. अशा वेळी एक दूरध्वनी पुष्कळ अनर्थ टाळतो.

केव्हा थांबायचे?

छातीत दडपण वा वेदना, ती जबडा, खांदा किंवा हाताकडे जाणे, नेहमीपेक्षा वेगळी धाप, नाडी अनियमित लागणे, डोळ्यांपुढे अंधारी, थंड घाम यांपैकी काहीही झाले तर तत्काळ थांबून बसावे. बसल्यावरही छातीतील त्रास ओसरत नसेल, तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. "गॅस असेल" म्हणून वाट पाहण्याची ही वेळ नव्हे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

आपल्या माणसाला चक्कर आली तर त्याला उभे धरून ठेवू नका, उचलून चालवू नका. तेथेच आडवे झोपवा, पाय फूटभर उंच ठेवा, कपडे सैल करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी वा साखर घालू नका. कुशीवर वळवा आणि मदत बोलवा. शुद्धीवर आल्यावर आधी बसवा, मग उभे करा. पडताना डोक्याला मार लागला असेल, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर माणूस ठीक दिसत असला तरी त्याला दवाखान्यात न्या.

घरात दंडावर बांधायचे रक्तदाबयंत्र असेल तर आठवड्यातून एकदा बसून आणि उभे राहून असे दोन्ही आकडे वहीत लिहा. फिरायला जाणाऱ्याच्या खिशात नाव, घरचा क्रमांक, आजार आणि औषधे लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

आणि एक कळकळीची विनंती. भीतीपोटी फिरणे बंद करू नका. ज्येष्ठांच्या मांड्यांचे बळ काही आठवड्यांच्या बसण्याने झपाट्याने ओसरते. मग तोल जातो आणि ज्या पडण्याच्या भीतीने आपण त्यांना घरात बसवले, तेच पडणे घरातल्या न्हाणीघरात घडते. पहाटेची फेरी ही त्यांची एकट्याची, स्वतःच्या पायांवरची वेळ असते. ती हिरावून घेण्यापेक्षा तिच्यात सोबत द्यावी.

पुढे काय झाले?

गुरुजींच्या प्रोस्टेटच्या डॉक्टरांशी बोलून ती गोळी रात्रीच्या जेवणानंतर घ्यायची ठरली. रात्री उठताना काठावर मिनिटभर बसायचे आणि न्हाणीघरापर्यंतचा दिवा चालू ठेवायचा, ही अट घालून. रक्तदाबाच्या जुन्या गोळीत टेल्मिसार्टनबरोबर लघवी वाढवणारे औषधही होते. उन्हाळा संपेपर्यंत नुसते टेल्मिसार्टन सुरू केले. हा बदल त्यांच्या प्रकृतीपुरता होता. तो वाचून कोणी आपल्या गोळीत फेरफार करू नये. फिरणे दोन आठवडे वीस मिनिटांवर आणले.

परवा दोघे पुन्हा आले. गुरुजींनी खिशातून चौकटीची वही काढली. शिक्षकाच्या वळणदार अक्षरात तारीख, वेळ, बसून, उभे राहून, चाललेली मिनिटे असे रकाने आखलेले होते. त्या दिवशी बसून १३८/८२ आणि उभे राहून १३०/८० भरला. एका रकान्याला मथळा नव्हता आणि त्यात रोज एक बरोबरची खूण होती.

"ही खूण कशाची?" मी विचारले.

"सूनबाई सोबत होती त्याची," गुरुजी म्हणाले.

"तीन दिवस चुकले माझे," सूनबाई हसून म्हणाल्या, "तिथे त्यांनी लाल शाईने फुली मारलीय."